मालवणची होडी आणि न वाचलेली ओळ

आमच्या रामाकोन्यात समुद्र पाहिलेला माणूस नाही. माझ्या आधी गावातून कॉलेजात गेलेलाही कोणी नव्हता, त्यामुळे नागपुराहून घरी आलो की लोक मला काहीबाही विचारतात. या वेळी समुद्र पाहून आलो म्हटल्यावर ओसरीवर दहा-बारा जण जमले आणि मला चार वाक्यांपलीकडे बोलता आलं नाही. म्हणून हे लिहितो आहे. दुसरंही एक कारण आहे. ते शेवटी येईल.

आमचे प्राणिशास्त्राचे सर मूळचे कोकणातले. दर हिवाळ्यात ते शेवटच्या वर्षाच्या विद्यार्थ्यांना किनाऱ्यावर नेतात आणि कॉलेजच्या संग्रहासाठी मासे गोळा करून आणतात. आतापर्यंत मासे बाजारातून घेत. यंदा त्यांनी मालवणच्या एका तांडेलाची, म्हणजे होडीच्या मुख्याची, होडी एका दिवसासाठी ठरवली होती. तांडेल वाट दाखवणार, आणि आम्ही पाच विद्यार्थी आपल्या हातानं गळ टाकून मासे धरणार.

त्यासाठी प्रत्येकानं वडिलांचं संमतिपत्र आणायचं होतं. मजकूर सरांनी वर्गात सांगितला आणि आम्ही उतरवून घेतला. सहा ओळी होत्या.

रामाकोना

माझ्या बाबांना वाचता येत नाही. पण कुठलाही कागद आला की ते म्हणतात, "बोट ठेऊन वाच." मी अक्षराखाली बोट सरकवत वाचतो आणि ते बोटाकडे पाहत ऐकतात. शाळेत होतो तेव्हापासून हे असंच चाललं आहे. त्या संध्याकाळीही तसंच वाचलं. माय बाजूला तूर निवडत होती.

चौथी ओळ मी वाचली नाही.

त्या ओळीत होडीतून खोल समुद्रात जाण्याची संमती होती. माझा मामा कन्हान नदीच्या पुरात डोंग्यातून, म्हणजे लहान लाकडी होडीतून, पलीकडे निघाला होता, तो परत आला नाही. तेव्हा मी पाळण्यात होतो. माय अजून नदीच्या काठावर उभी राहत नाही, धुणं विहिरीवर धुते. होडी हा शब्द त्या घरात मोठ्यानं वाचायला मला जमलं नाही, आणि न वाचता राहायलाही जमलं नसतं, कारण मला जायचंच होतं.

"समुद्र पाह्यले जाऊन राहिला ना?" मायनं विचारलं.

"हो. सरांसंगं."

"दुरून पाह्यजो."

बाबांनी अंगठ्याला शाई लावली आणि कागदावर दाबला. दुसऱ्या दिवशी मायनं बागेतली निवडक संत्री पोत्यात भरून दिली, आणि मी ओल्या मातीसकट एक डबा गांडुळं घेतली. बांबूची काठी, नदीतले गळ आणि गांडुळं, मासे धरायला आणखी काय लागतं असं मला वाटत होतं.

गाडीत आमच्या पाचांतला पांढुर्ण्याचा वसंता होता. त्याच्या वडिलांचं कापडाचं दुकान आहे. तो माझ्यासारखा बोलायला लाजत नाही. सौसरची, म्हणजे आमच्या तालुक्याची, गाडी तीच, नागपूरचं स्टेशन तेच, पण राज्यांची नवी वाटणी झाली आणि नोव्हेंबरपासून आमचं गाव एका राज्यात आणि कॉलेज दुसऱ्या राज्यात गेलं आहे. ती नवी हद्द नेमकी कुठे येते ते पाहायचं म्हणून मी खिडकीत बसलो होतो. कापसाची वावरं लागली, मग संत्र्याच्या बागा, मग पुन्हा कापूस. हद्द काही दिसली नाही.

मालवण

कोल्हापूरपर्यंतचा आणि पुढे घाट उतरण्याचा प्रवास सोडून देतो. मोटारीत मला फार मळमळलं, एवढंच खरं.

समुद्र मी आधी ऐकला. माडांच्या मागून कोणीतरी मोठं सूप संथपणे पाखडत आहे असा आवाज येत होता. मग माड संपले आणि तो दिसला. आमच्याकडे जमीन लांबवर पसरलेली दिसते तसंच ते पाणी होतं, पण ते हलत होतं. मी किती वेळ उभा राहिलो कोण जाणे. वसंता म्हणाला, "काहून बे, पेरणी कुठून सुरू करावं पाह्यतं का?" मी हसलो. खरं म्हणजे माझ्या मनात तसलंच काहीतरी चाललं होतं. पाण्यात हात घातला. डिसेंबर महिना, आमच्याकडे या दिवसांत सकाळी विहिरीच्या पाण्यानं तोंड धुताना शहारा येतो, आणि इथलं पाणी चुलीवरून नुकतंच उतरवल्यासारखं कोमट.

भिवा तांडेल साठीकडे झुकलेले, काळे, बारीक आणि अगदी कमी बोलणारे. आमची राहायची सोय त्यांच्याच घराच्या पडवीत होती. त्यांनी आम्हाला एकेकाला विचारून घेतलं.

"तू खयचो?"

"सौसर. मध्य प्रदेश."

"मगे मराठी खय शिकलंस?"

"घरी," मी म्हणालो. हा प्रश्न मला आयुष्यात कोणी विचारला नव्हता. वसंता मध्ये पडला, "काका, दोन महिन्यांआधी विचारलं असतं तर नागपूर आमचीच राजधानी होती." तांडेल मान हलवून म्हणाले, "बरा. दर्याक सगळेच परप्रांतातले."

मग ते किनाऱ्यावर गेले, वाळू चिमटीत धरून सोडली, आणि परत येऊन म्हणाले की वारा पडेपर्यंत होडी निघणार नाही. दोन दिवस लागतील, तीनही लागतील. आम्हाला वाईट वाटलं. सरांना नाही वाटलं. ते म्हणाले, "तयारीला दिवस मिळाले. नाहीतर तुम्ही होडीत बसून काय करणार होता?"

ते खरंच होतं. मी माझं सामान दाखवलं तेव्हा तांडेलांनी माझा गळ दोन बोटांत धरून उजेडाकडे केला.

"ही गरी व्हाळातल्या माशांची. दर्यातलो मासो हेना दात कोरतलो."

पडवीत सगळे हसले. काठी त्यांनी भिंतीला लावून ठेवली. गांडुळांचं तर मी स्वतःच वाटोळं केलं होतं. प्रवासात माती सुकली म्हणून आल्या आल्या डब्यात ओंजळभर पाणी घातलं, आणि ते समुद्राचं होतं. डबा उघडला तेव्हा एकही गांडूळ जिवंत नव्हतं. तांडेलांच्या बायकोनं, तिला आम्ही काकी म्हणत होतो, डबा नाक धरून माडाच्या मुळाशी रिकामा केला आणि मला म्हणाली, "जाव दे झिला, माड तरी जेवलो."

दोर

दुसरा दिवस दोर तयार करण्यात गेला. तिथे काठी लागत नाही. हातातच दोर धरायचा, टोकाला शिसं आणि मोठा गळ. दोर सुताचा होता. तो हातात घेतला आणि मला एकदम बरं वाटलं, कारण सूत म्हणजे शेवटी कापूस, आणि कापूस मला माहीत आहे. ऐनाच्या सालीच्या काढ्यात उकळून तो तांबूस केला होता, म्हणजे खाऱ्या पाण्यात कुजत नाही. ऐनाची झाडं आमच्याकडच्या जंगलातही आहेत. त्यांच्या सालीचा असा उपयोग होतो हे मला सहाशे मैल येऊन कळलं.

गळ बांधायची गाठ तांडेलांनी एकदाच बांधून दाखवली आणि प्रत्येकाकडून बांधून घेतली. मग स्वतः ओढून पाहत. सुटली की न बोलता गळ परत हातात देत. वसंताला नऊ वेळा परत मिळाला. मला चार वेळा.

नंतर दोर गुंडाळायला सांगितलं. मी तो घरी कासरा गुंडाळतो तसा पंजा आणि कोपराभोवती भराभर गुंडाळला. माझा सर्वांआधी झाला म्हणून मी थोडा खूशही होतो. तांडेलांनी तो हातात घेतला, टोक धरून सोडला, आणि सगळ्या दोराची जिलेबी झाली.

"हो काय बैल बांधूचो दोर आसा? माशाक काय खुट्याक बांधतलंस?"

मग कळलं की कोपरावर गुंडाळलं की प्रत्येक वेढ्याला पीळ बसतो, आणि मासा ओढू लागला की तोच पीळ बोट कापतो. बांबूच्या उथळ टोपलीत दोर वर्तुळाकार सैल टाकत जायचा, वेढ्यावर वेढा पडू द्यायचा, हातानं दाबायचा नाही. आयुष्यभर कासरा गुंडाळलेल्या हाताला हे शिकवायला मला दुपार लागली. तर्जनीला चिंधी बांधायची, दोर तिच्यावरून सोडायचा. खाली शिसं तळाला टेकलं की हाताला कळतं. तांडेल माडाच्या पलीकडे दोराचं टोक धरून बसत आणि मासा होऊन ओढत. आम्ही डोळे मिटून ओळखायचं.

"ओढलो काय लगेच ओढू नको. एक घास खावंदे तेका. मगे झटको मार."

साठीचा माणूस झाडामागे बसून गंभीरपणे मासा होतो, हे पाहून पहिल्यांदा हसू आलं. नंतर आलं नाही. बांगडा कसा ओढतो, गोबरा कसा ओढतो आणि नुसता खडक कसा ओढतो हे ते वेगवेगळं करून दाखवत होते. कॉलेजात मी हे मासे चित्रात पाहिले होते, त्यांच्या परांच्या काट्यांची संख्या पाठ केली होती. दोराच्या दुसऱ्या टोकाला ते कसे असतात हे कुठल्याच पुस्तकात नव्हतं.

काकीचा धडा जेवणाचा. तिच्या मते होडीची निम्मी तयारी पोटात असते. निघण्याच्या आदल्या दिवसापासून तळलेलं बंद. सकाळी उकड्या तांदळाची गरम पेज, चिमूटभर मीठ, आणि खारवलेल्या कैरीचा तुकडा. "रिकाम्या पोटान दर्यात जाव नको. ओकाक पण पोटात काय तरी होया." आमच्याकडे नारळ देवापुढे फुटतो आणि त्याचा तुकडा प्रसाद म्हणून हातावर येतो. इथे रोज सकाळी काकी दोन नारळ खवायची, आणि मी दर वेळी त्या पांढऱ्या ढिगाकडे पाहत राहायचो. बांगड्याचं तिखलं मी भातासोबत तीनदा मागून घेतलं. आमच्या संत्र्यांचं तिलाही तसंच नवल वाटलं. तिनं साली टाकू दिल्या नाहीत, सावलीत वाळवल्या. होडीत मळमळलं की साल नाकाशी चुरायची, असं सरांनी सांगितलं होतं.

काकीचा प्रश्न

तिसऱ्या दिवशी दुपारी वारा मंदावला. तांडेल म्हणाले, उद्या आणखी पडेल, परवा पहाटे मतलईवर, म्हणजे जमिनीकडून सुटणाऱ्या वाऱ्यावर निघू. मग त्यांनी आम्हा पाचांना ओटीवर बसवलं. काकी समोर बसली.

त्या घरात एक पद्धत आहे. होडी दर्यात असते तोवर काकी तिन्हीसांजेला तुळशीपाशी दिवा लावून होडीतल्या प्रत्येकाचं नाव घेते, आणि होडीतल्या माणसाच्या घरीही कोणीतरी त्याचं नाव घेतलं पाहिजे असं ती मानते. म्हणून ती प्रत्येकाला एकच प्रश्न विचारते.

"घराकडे सांगून इलंस मा?"

वसंता हो म्हणाला. इतर तिघे हो म्हणाले. माझी पाळी आली. हो म्हणायला काहीच लागत नव्हतं. सरांच्या पेटीत माझ्या बाबांचा अंगठा होता.

"तुझा नाव घराकडे कोण घेतलो?" काकीनं विचारलं.

माझ्या डोळ्यापुढे माय आली. ती मला वाळूवर उभा समजत होती. दुरून पाहणारा.

मी म्हणालो, "माझ्या घरी होडीचं माहीत नाही."

मग सगळं सांगितलं. चौथी ओळ, मामा, डोंगा. सर हळू आवाजात म्हणाले, "मी तुमच्या वडिलांचा अंगठा खरा मानून चाललो होतो." ते रागावले असते तर बरं झालं असतं. पण तरी ते तांडेलांकडे वळून म्हणाले, "संमतिपत्र मात्र आहे त्याचं, भिवादादा."

"कागद तुमचो," तांडेल म्हणाले. "माका वाचूक येत नाय. तोंडान सांगलेला कळता. हो झील होडयेत नाय."

माझी टोपली त्यांनी उचलली, आतला दोर पाहिला. चांगला पडला होता. ती त्यांनी इतर टोपल्यांपासून वेगळी ठेवली.

मी तसाच पोस्टात गेलो. तार केली, बाबांच्या नावानं. होडीतून समुद्रात जायचं आहे, आधी सांगितलं नाही, चूक झाली, परवानगी असेल तर कळवा. तारबाबूंनी ती रोमन अक्षरांत उतरवून घेतली. परत येताना मला हलकं वाटत होतं. वाटेत वसंता भेटला, त्याला सांगितलं तर तो चालता चालता थांबला.

"तार? रामाकोन्याले?"

"हो."

"अबे, तुमच्या गावात तार कायले येते?"

तेव्हा मी काय करून बसलो ते मला उमगलं. आमच्या गावात मला आठवतं तेव्हापासून तार एकदाच आली होती, पलटणीत असलेला एकाचा मुलगा वारला तेव्हा. तारवाला फाटकाशी दिसला आणि कागद उघडायच्या आधीच बायकांनी गळा काढला होता. होडीच्या भीतीपासून मायला वाचवावं म्हणून मी एक ओळ लपवली होती, आणि आता खरं सांगायला म्हणून तिच्या दारात मरणाचा निरोप्या पाठवला होता. दुसरी तार करावी तर दुसरा तारवाला जाणार.

"आता गुरुजी घरी असले म्हणजे झालं," वसंता म्हणाला. गावात इंग्रजी अक्षरं वाचणारे शाळेचे गुरुजीच. त्या संध्याकाळी वसंतानं माझी एकदाही थट्टा केली नाही.

चौथा दिवस मी पोस्टाच्या पायरीवर काढला. काकीनं पेज तिथेच पाठवली. वारा पूर्ण पडला होता, समुद्र ताटात वाढून ठेवल्यासारखा सपाट, आणि मला तो पाहावासा वाटत नव्हता. होडीत जायला मिळतं की नाही हे मी जवळजवळ विसरलो होतो. घरी काय झालं असेल एवढंच डोक्यात होतं.

पोस्ट बंद व्हायच्या जरा आधी तारबाबूंनी खिडकीतून तारेचा कागद बाहेर धरला.

"माय बरी. जा. बाबा."

मी कागद घेऊन धावत गेलो. तांडेलांनी तो पाहिला नाही. "तोंडान सांग," म्हणाले. मी सांगितलं. त्यांनी माझी टोपली उचलून इतर चारांशेजारी ठेवली.

पाण्यावर

पहाटे पेज पिऊन निघालो. डोक्याला ओला पंचा, बोटाला चिंधी, कमरेला संत्र्याची साल. तांडेलांनी नारळ पाण्यात सोडला आणि हात जोडले. मीही जोडले. किनारा लहान होत गेला, मग माडांची एक हिरवी रेघ राहिली. भीती वाटली, पण जितकी वाटेल असं वाटलं होतं तितकी नाही. होडीला एका बाजूला लाकडाची उलांडी बांधलेली असते, ती पाण्याला टेकून होडी कलू देत नाही. कन्हानच्या डोंग्याला असं काही नव्हतं. वसंता साल चुरून चुरून थकला आणि तरी ओकला. मी एकदा ओकलो.

दोर सोडला. शिसं तळाला टेकलं ते कळलं. मग बराच वेळ काही नाही. आणि मग माडामागून तांडेल ओढायचे अगदी तसंच कोणीतरी ओढलं. मी एक घास खाऊ दिला. झटका मारला. वर आला तो तांबडा, हाताएवढा, सोन्याच्या डोळ्यांचा मासा होता. "तांबोसो," तांडेल म्हणाले, आणि दोन दिवसांत पहिल्यांदा माझ्याकडे पाहून हसले. आता तो आमच्या प्रयोगशाळेत काचेच्या बरणीत आहे.

परत रामाकोना

घरी पोचलो तर मायनं आधी मला पाठीवर दोन धपाटे दिले आणि मग पोटाशी धरलं. "तारवाला दिसला अन् म्या आंगणातच बसकण मारली. सारं मोहल्लं गोळा झालं. गुरुजी जेवत होते, तसेच उष्ट्या हातानं आले. वाचलं, तं म्हणे, पोरगं होडीत बसू का विचारते. मी म्हटलं, बसव त्याले अन् बुडव." हे ती हसत सांगत होती, पण पदर डोळ्याला लावत होती. नंतर शेजारणीनं सांगितलं, की तार आली त्या आणि दुसऱ्या दिवशीच्या संध्याकाळी मायनं दिव्यापाशी माझं नाव घेतलं होतं. तिला कोणी सांगितलं नव्हतं.

सरांनी संमतिपत्रं आम्हाला परत दिली होती. रात्रीच्या जेवणाआधी मी ते बाबांपुढे उघडलं आणि बोट ठेवून सहाही ओळी वाचल्या. चौथी जरा मोठ्यानं.

बाबा म्हणाले, "ठाऊक होतं मले."

"काय?"

"त्या दिवशी तुयं बोट तिसरीवरून खाली उडालं. कागदावर सहा होत्या, तू पाच वाचल्या."

"मग अंगठा काहून देल्ला, बाबा?"

"तुले जा लागत होतं ना." त्यांनी अंगठ्याचा निळा ठसा पाहिला, स्वतःच्या अंगठ्याशी लावून पाहिला. "म्हटलं, काय सोडलं ते सांगीन पोरगं. उशीर केला, पण सांगतलं."

मग ते भिंतीला टेकून बसले आणि म्हणाले, "आता समुद्र सांग. लिहून आण, अन् बोट ठेऊन वाच. मी पाह्यतो."

म्हणून हे लिहिलं. मोटारीत मळमळलं ते, मेलेली गांडुळं, कोपरावर गुंडाळलेला दोर, ओकलो तेही. उद्या संध्याकाळी ओसरीवर वाचणार आहे, आणि बाबा माझ्या बोटाकडे पाहत बसतील.